जुन्या सॅण्डस्टोन फील्डमधलं उरलेलं तेल आधी काढा, नवीन विहिरी नंतर

दगडवेडा, मुलुंड:
आपण ८५ टक्क्यांच्या वर क्रूड बाहेरून आणतो आणि नवीन साठा सापडला की लगेच पेपरात हेडलाइन, पण सापडलेल्या साठ्यातलं निम्म्याहून जास्त तेल खडकातच राहतं त्याबद्दल कोणी बोलत नाही. सॅण्डस्टोनमध्ये, म्हणजे वाळूच्या खडकात, कणांमधल्या फटीत तेल असतं, सुरुवातीला स्वतःच्या प्रेशरने वर येतं, मग पाणी सोडून ढकलतात. पण पाणी पातळ, ते सोपी वाट पकडून थेट उत्पादन विहिरीत शिरतं आणि घट्ट तेल आजूबाजूला तसंच. राजस्थानातलं मंगला हे तेलाचं फील्ड बघा, २००४ मध्ये सापडलं, २००९ ला उत्पादन सुरू. तेल इतकं मेणचट की गार झालं की गोठतं, म्हणून गरम पाणी सोडलं, पुढे पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट केलं. हेच बाकी जुन्या फील्डमध्येही करा ना, खडक तर सापडलेलाच आहे!

उरणकर:
मंगलाचं उदाहरण सगळीकडे चालत नाही हो. तिथला फतेहगढ सॅण्डस्टोन भरपूर सच्छिद्र, पारगम्यता (तेल-पाणी आरपार वाहू देण्याचा गुण) उत्तम, जमिनीवरचं फील्ड. आपल्या मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकात आहे, सॅण्डस्टोन नाहीच, वर तो किनाऱ्यापासून १६० किमी समुद्रात. प्लॅटफॉर्मवर जागा किती, केमिकल ठेवणार कुठे, गोडं पाणी आणणार कुठून? खारट पाण्यात साधं पॉलिमर पातळ पडतं. आणि पॉलिमर फक्त पाण्याची वाट सुधारतं, फटीत केशाकर्षणाने अडकलेले थेंब सोडवत नाही, त्याला सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ लागतो आणि तो महाग.

दगडवेडा, मुलुंड:
मुंबई हायचा दगड वेगळा हे मान्य, शीर्षकात सॅण्डस्टोन म्हणूनच लिहिलंय. गुजरातचं काय मग? मेहसाण्याजवळ बलोल, संथाळला तेल इतकं जड की खडकाच्या आत हवा सोडून तेलाचा थोडा भाग जाळतात, त्या उष्णतेने बाकीचं पातळ होऊन वाहतं. नव्वदच्या दशकापासून चाललंय हे आपल्याच देशात.

कोअर_सॅम्पल:
दोघांचंही अर्धवट वाटतंय मला. सॅण्डस्टोन म्हणजे एकसारखा दगड नसतो, मध्ये मातीचे, शेलचे (चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकाचे) पट्टे असतात, वरचा थर धुऊन निघतो आणि खालचा जसाच्या तसा. त्यात फुगणारी माती असेल तर गोडं पाणी सोडलं की तीच फटी बुजवते, म्हणजे विहीरच बिघडली. केमिकलवर पैसे घालण्याआधी कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना काढून लॅबमध्ये तपासा, थर कुठे तुटतात ते बघा.

उरणकर:
आणि तेलाचा भाव पडला की हे प्रोजेक्ट पहिले थांबतात हे पण लिहा कोणीतरी. आज सोडलेल्या पॉलिमरचा परिणाम दिसायला महिने जातात, कधी वर्षंही. शिवाय वर आलेल्या पाण्यात तेच पॉलिमर मिसळलेलं, तेल आणि पाणी वेगळं करायलाच वेगळा खर्च. नवीन विहिरीत निदान कोरडी निघाली की लवकर कळतं!

दगडवेडा, मुलुंड:
कोरड्या विहिरीचा पैसा पण गेलाच ना. इथे साठा कुठे, किती खोल, कसा, हे सगळं माहीत आहे, पाइपलाइन आहेत, माणसं शिकलेली आहेत. भाव पडला तर वेग कमी करा, पण फील्ड सोडून देऊ नका, कारण एकदा विहिरी बंद करून सिमेंट भरलं की खाली राहिलेल्या तेलासाठी परत कोण ड्रिल करणार?

कोअर_सॅम्पल:
हे शेवटचं पटलं.