इलेक्ट्रॉन एकटाच आला तर पट्टे कसे पडतात??

काल रात्री जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोनोमुरांच्या १९८९ च्या प्रयोगाचा व्हिडिओ बघितला आणि झोपच उडाली. इलेक्ट्रॉन एकेक करून दोन फटींकडे सोडतात, पडद्यावर आधी नुसते इकडेतिकडे ठिपके, रवा सांडल्यासारखे, आणि हजारो जमले की बघतो तर काय, चक्क उभे पट्टे! आता एकटा आलेला इलेक्ट्रॉन इंटरफिअर करतो (म्हणजे लाटांसारखा मिसळून कुठे वाढतो, कुठे घटतो) कोणाशी? बारावीला हे घोकून मार्क घेतले होते तेव्हा डोक्यातही आलं नाही. आणि मधलं काही दिसतच नसेल तर हे आणि आमच्या मामांच्या 'कंपनां'च्या गप्पा यात फरक काय? सिरियसली विचारतोय.

चहाबाज: आधी एक खुसपट, त्यात फटी नव्हत्याच, एक बारीक तार होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी वाट. आता मुद्दा. शाळेतलं (अ+ब) चा वर्ग आठवतंय? दोन वाटांच्या ॲम्प्लिट्यूडची (म्हणजे ज्या आकड्याचा वर्ग केला की ठिपका पडण्याची शक्यता मिळते त्याची) आधी बेरीज करायची, मग वर्ग. त्यात जो मधला २अब येतो ना, तेच पट्टे. तो कुठे अधिक कुठे उणे, म्हणून कुठे ठिपक्यांची गर्दी, कुठे शुकशुकाट. वाट कुठली ते कळेल अशी सोय केली की २अब गायब. बघणारा माणूसच लागतो असं काही नाही हां, ते फॉरवर्डवाल्यांचं.

निशाचर: गणित जुळलं म्हणजे समजलं का पण? आइनस्टाइनलाही पचलं नव्हतं. त्याला वाटायचं कणाचे गुण आधीच ठरलेले असणार, आपल्याला माहीत नाहीत इतकंच. १९६४ ला जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की तसं असेल आणि दूरच्या कणांचा एकमेकांवर झटकन परिणाम होत नसेल तर मोजमापं एका मर्यादेत राहिली पाहिजेत. प्रयोगात मर्यादा मोडली, २०२२ चं नोबेल त्यालाच. मामांना विचार, काय दिसलं तर तुमचं म्हणणं खोटं ठरेल?

वरणभात: मग स्ट्रिंग थिअरीलाही (सगळे कण म्हणजे अतिसूक्ष्म कंप पावणाऱ्या तारा, असं म्हणणारी) हेच विचारा की! भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने न्यूट्रिनो हा जवळजवळ कशातच न अडकणारा कण १९३० ला नुसता कागदावर मांडला, सापडला १९५६ ला, तिथे निदान शोधायचं कसं ते तरी सुचलं. या तारा साधारण प्लांक लांबीएवढ्या मानतात, म्हणजे १ मीटरचे १ वर ३५ शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक, सर्नचं २७ किमीचं कण आदळवणारं यंत्रही तिथपर्यंत पोचत नाही. मी तरी स्ट्रिंग थिअरीला अजून गणितच म्हणतो, चिडा हवं तर.

प्रश्नकर्ता: मामांना विचारलं. म्हणाले तुला अनुभूती नाही 😄 २अब वहीत मांडून बघतोय, उणे कधी येतो तिथेच अडलोय.