वस्तीतल्या लहान मुलांच्या आरोग्याचा सर्व्हे: रजिस्टर बघायचं की घरोघरी जायचं?

प्रश्न:
नमस्कार, आमच्या गटाने एका गरीब वस्तीत पाच वर्षांखालच्या मुलांना आरोग्याच्या कुठल्या सोयी कमी पडताहेत ते बघायचं ठरवलंय. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये लसीकरण छान दिसतं, पण वस्तीत फिरलं की मुलं हडकुळी, सारखे जुलाब. आम्ही मोजून चार जण आहोत. काय करावं?

उत्तर 1:
घरोघरीच जा. रजिस्टरमध्ये आलेल्या मुलांचीच नावं असतात हो, जी आलीच नाहीत ती त्यात कुठून सापडणार? सगळी घरं झेपत नसतील तर चिठ्ठ्या टाकून निवडा, रस्त्यालगतची सोयीची घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची लसीकरण पाहणीची जुनी पद्धत 30 ठिकाणं, प्रत्येकी 7 मुलं अशी 210 ची होती, ती मोठ्या भागासाठी. आणि घराला कुलूप असेल तर शेजारच्या घरात शिरू नका, संध्याकाळी परत या, आईबाप दोघं कामावर जातात त्याच घरातली मुलं राहून जातात, हे मी स्वतः पाहिलंय.

उत्तर 2:
दंडाचा घेर नक्की मोजा. 6 ते 59 महिन्यांची मुलं, डावा दंड, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. पट्टी आवळली की कातडी चुरगळते आणि आकडा खोटा कमी येतो, नवीन माणसाकडून हे हमखास होतं. 115 मिमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, 115 ते 125 मध्यम. दोन्ही पावलं अंगठ्याने दाबून बघा, खड्डा राहिला तर घेर कितीही असो, मूल गंभीर. अशा मुलाला त्याच दिवशी उपचाराला न्या, रिपोर्ट नंतर लिहा!

उत्तर 3:
ताई, लसीचं कार्ड बघताना पेंटाव्हॅलेंटचा (त्रिगुणीच्या जागी आलेली, पाच रोगांवरची एकत्र लस) पहिला आणि तिसरा डोस वेगळा लिहा. पहिलाच नाही म्हणजे सेवा तिथवर पोचलीच नाही. पहिला झाला, तिसरा नाही, म्हणजे आई आली होती आणि मग काहीतरी बिनसलं. काय ते विचारा, पण "सेवा कशी वाटते" असं नको, सगळ्या "चांगली" म्हणतात. "शेवटचं कधी गेलात, किती वेळ बसलात, काय बोलले" असं विचारा. आमच्या पाहणीत एक आई म्हणाली, कार्ड हरवलं म्हणून चारचौघांत ओरडले, परत गेलेच नाही. हे कुठल्या रजिस्टरात येणार?

प्रश्नकर्ती:
संध्याकाळी जायचं डोक्यातच नव्हतं. आधी चौघं एकमेकांच्या मोजणीचे आकडे जुळवून बघतो, मग चिठ्ठ्या काढतो.