मदत हवी आहे: पॅनेलच्या पोटातलं पाणी न्यूट्रॉननं दिसेल का?

राम राम मंडळी. उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप. वर-खाली कार्बन फायबर-इपॉक्सी, मधे ॲल्युमिनियमचं पोळ्यासारखं जाळं, असं एक पॅनेल दुरुस्तीला आलंय. नाण्यानं टकटक केलं की एका कोपऱ्यात बद्द वाजतंय. पाणी शिरलंय असा संशय (बेळगावचा पाऊस काय सांगायचा!). एक्स-रेत स्पष्ट काही दिसेना. कापायचं तर नाहीच, गिऱ्हाईकाला परत द्यायचंय.

एक्स-रेसारखीच अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनच्या झोतानंही आतली प्रतिमा घेता येते; न्यूट्रॉन ॲल्युमिनियममधून सहज आरपार जातात, पाण्यातल्या हायड्रोजनवर मात्र विखुरतात, हे ठाऊक आहे. पण इपॉक्सीतही हायड्रोजन असतोच की! मग पाणी वेगळं ओळखायचं कसं? सुकवून दुसरी प्रतिमा घ्यायची का? ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर कॉलेजमार्फत नमुना कुणी पाठवलाय का? अर्ज नेमका कुणाकडे?