क्रॅप्सच्या टेबलावर पैसे लावायचेच झाले, तर कुठे आणि किती लावावेत?

प्रश्न (अंबाझरी_पहाट):
नमस्कार. डिसेंबरात आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत जाणार आहोत आणि जावईबापूंनी त्यात लास व्हेगासच्या दोन रात्री घातल्या आहेत. क्रॅप्स हा दोन फाशांचा खेळ तिथे एकदा खेळून पाहावा, अशी इच्छा आहे. त्यासाठी 300 डॉलर वेगळे काढले आहेत. ते गेले तरी चालतील, पण पंधरा मिनिटांत जाऊ नयेत. अंबाझरी तलावावर सकाळी सोबत फिरणारे एक मित्र सांगतात की, हरल्यावर पुढची पैज दुप्पट करत जावी, म्हणजे एकदा जिंकले की सगळे वसूल होते. टेबलाचे चित्र पाहिले, तर त्यावर चौकटींची नुसती गर्दी आहे. पैसे नेमके कुठे ठेवावेत, आणि मित्राचा सल्ला कितपत खरा मानावा?

उत्तर (महाल_गणित):
दोन फाशांच्या 36 जोड्या होतात आणि त्यांतल्या 6 जोड्यांची बेरीज सात येते. सगळा खेळ या सातावर उभा आहे. आपण टेबलावरच्या 'पासलाइन' नावाच्या पट्टीवर पैसे ठेवावेत. पहिल्या फेकीत 7 किंवा 11 आले तर जिंकलात, 2, 3 किंवा 12 आले तर हरलात, आणि उरलेल्यांपैकी कोणताही आकडा आला तर तो 'पॉइंट' ठरतो; मग सातच्या आधी तो पुन्हा पडला तर जीत, सात आधी पडला तर हार. या पैजेवर कॅसिनोचा सरासरी वाटा शेकडा 1.41 आहे. टेबलाच्या मधल्या पट्ट्यातील 'एनी सेव्हन' या चौकटीवर मात्र तो शेकडा 16.67 होतो, कारण सात पडण्याची शक्यता सहात एक असताना जिंकल्यावर मिळतात फक्त चौपट. मधला पट्टा पाहायलाच तेवढा छान आहे.

समजा, टेबलाची किमान पैज 15 डॉलर आहे आणि तासाला पासलाइनचे सुमारे 30 निकाल लागतात. मग 450 डॉलरच्या उलाढालीवर आपला सरासरी तोटा साधारण साडेसहा डॉलर होतो, जो कॉफीच्या खर्चाइतकाच आहे. परंतु सरासरीभोवतीचा चढउतार फार मोठा असतो: तासाभरात 80 डॉलर वर किंवा खाली जाणे ही नित्याची गोष्ट समजा. म्हणून 15 च्या टेबलावर दोन तासांसाठी 300 पुरावेत. 25 च्या टेबलावर ते अपुरे पडण्याचा धोका बराच वाढतो.

आता दुप्पट करण्याविषयी. 15, 30, 60, 120, 240, 480 अशा सहा पैजा लागोपाठ हरलात, तर 945 डॉलर गेले, आणि असे साधारण साठ प्रयत्नांत एकदा घडते. उरलेल्या प्रत्येक प्रयत्नात मिळतात फक्त 15. आपल्याकडे तर 300 च आहेत, म्हणजे चार हारींनंतर 75 डॉलर शिल्लक आणि पुढची पैज 240 ची! नल हा आपल्या विदर्भाचाच जावई. फाशांवर राज्य घालवल्यानंतर त्याने ऋतुपर्णाकडून विद्या घेतली, ती बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे मोजणाऱ्या राजाकडून. दुप्पट पैज लावण्याचा सल्ला त्यालाही कोणी दिलेला नाही.

उत्तर (वर्धा_रोड):
मी दोनदा खेळलो आहे. वरील हिशेबाला एक पुरवणी जोडतो. पॉइंट ठरल्यावर पासलाइनच्या मागे 'ऑड्स' म्हणून जादा पैसे ठेवता येतात आणि त्यांवर कॅसिनो काहीच वाटा घेत नाही: 4 किंवा 10 वर एकास दोन, 5 किंवा 9 वर दोनास तीन, 6 किंवा 8 वर पाचास सहा असा रास्त मोबदला मिळतो. मात्र यामुळे चढउतार वाढतो, म्हणून 300 मध्ये मूळ पैजेइतकेच ऑड्स लावावेत, किंवा पहिल्या तासाला लावूच नयेत.

नोटा डीलरच्या हातात देऊ नका. त्या टेबलावर ठेवा, तो चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, सरकवतो. फासे एकाच हाताने धरायचे असतात आणि ते समोरच्या, रबरी टोकांच्या भिंतीवर आपटावे लागतात. मी पहिल्यांदा दोन्ही हातांत खुळखुळवले आणि सगळ्या टेबलासमोर टोकला गेलो.

उत्तर (सदर_संध्याकाळ):
'डोन्ट पास'चा, म्हणजे पासलाइनच्या उलट, तिच्या हारीवर लावायच्या पैजेचा, उल्लेख कोणी कसा केला नाही? तिथे कॅसिनोचा वाटा शेकडा 1.36 आहे, म्हणजे पासलाइनपेक्षाही कमी.

उत्तर (महाल_गणित):
आकडा बरोबर आहे. पण 15 डॉलरच्या पैजेवर हा फरक एका सेंटहूनही कमी पडतो, आणि शेजारचे सगळे हळहळत असताना आपण एकट्याने जिंकण्याचा आनंद ज्यांना चालतो, त्यांनी तो जरूर घ्यावा.

प्रश्नकर्ता (अंबाझरी_पहाट):
आभारी आहे. काल नातवाच्या सापशिडीतले दोन फासे जेवणाच्या टेबलावर शंभर वेळा टाकले. सात 22 वेळा आले. माझ्या हाताला काही वळण आहे, असे समजावे का? शिवाय सरावासाठी पैसे लावून खेळण्याचे एखादे ॲप घ्यावे काय?

उत्तर (महाल_गणित):
शंभर फेकींत सात सरासरी 16 ते 17 वेळा येतात आणि चार-पाचांनी कमीजास्त होणे अगदी सामान्य आहे, त्यामुळे 22 मध्ये नवल नाही. हाताला वळण असलेच, तरी पॉइंट ठरल्यावर सात पडणे आपल्याला हवे नसते, हेही ध्यानात ठेवा. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या देशात 2025 च्या कायद्याने बंदी आली आहे, म्हणून तो विचार सोडा. सापशिडीचे फासे पुरेसे आहेत. समोर एखादी जाड उशी उभी करा आणि एका हाताने टाका.