सेलिंगच्या धर्मादाय संस्था पाणी खरंच सगळ्यांना खुलं करतात का?

मेधा_साऊथॅम्प्टन
गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर एकजण म्हणाला की सेलिंग, म्हणजे शिडाच्या होड्या चालवणं, हा श्रीमंतांचा खेळ, आणि या ट्रस्टवाल्या संस्था म्हणजे गरीब नाहीतर अपंग माणसाला एक दिवस होडीत बसवायचं, फोटो काढायचे, संपलं. मला ते फार लागलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आणि तुमची मतं ऐकायची आहेत.

माझी धाकटी बहीण व्हीलचेअर वापरते. २०१७ मध्ये ती टेनेशस नावाच्या शिडाच्या जहाजावर आठवडाभर गेली होती. जहाज जुबिली सेलिंग ट्रस्टचं. ही संस्था १९७८ मध्ये ख्रिस्तोफर रड नावाच्या माणसाने सुरू केली, पहिला पैसा ब्रिटनच्या राणीच्या रौप्यमहोत्सवी निधीतून आला म्हणून नावात जुबिली. त्यांचं पहिलं जहाज लॉर्ड नेल्सन १९८६ पासून फिरायला लागलं आणि टेनेशस २००० साली इथेच, साऊथॅम्प्टनच्या वूल्स्टनमध्ये पाण्यात उतरलं. ६५ मीटर लांब, लाकडी, आणि बांधतानाच अपंग आणि धडधाकट स्वयंसेवकांनी बरोबरीने रंधे मारलेत, खिळे ठोकलेत. खालच्या डेकवर जायला लिफ्ट, अंध माणसाला सुकाणू धरता यावं म्हणून बोलणारं होकायंत्र, हातात जोर नसेल त्याच्यासाठी जॉयस्टिक, आणि हवं असेल तर व्हीलचेअरसकट दोरांनी डोलकाठीवर वर खेचून न्यायचे. प्रत्येक अपंग माणसाची एका धडधाकट माणसाशी जोडी.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. बहीण परत आली तर डोलकाठीबद्दल दोन वाक्यं आणि बटाट्यांबद्दल अर्धा तास बोलली. जहाजावर प्रत्येकाला पाळीने स्वयंपाकघरात काम करावं लागतं, तिच्या वाट्याला पातेलंभर बटाटे सोलायचे आले, जहाज डुलतंय, एक बटाटा निसटून टेबलाखाली गेला तर समोरच्या बाईने तो उचलून परत हिच्याच हातात दिला. आमच्या घरी आईने तिला कधी सुरी हातात घेऊ दिली नव्हती, वय वर्षं ३१. पहाटे चारच्या पाळीला तिला कुणी "तू झोप" म्हणालं नाही. उपकार म्हणून बसवलेल्या माणसाला कुणी कामाला लावत नाही, म्हणून मला ते वाक्य लागलं.

स्पष्ट_बोलतो
मेधाताई, बहिणीचा अनुभव वाचून खूप बरं वाटलं, त्यात शंका नाही. पण पुढची गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. ती संस्था आज कुठे आहे? २०१९ मध्ये पैसे संपत आले म्हणून त्यांनी लोकांकडे हात पसरले, आठवड्याच्या आत १० लाख पौंड जमले, तरी त्याच वर्षी लॉर्ड नेल्सन कायमचं बांधून ठेवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये ट्रस्टच बंद पडला. म्हणजे दार उघडलं आणि बंद झालं. एका फेरीला ४० च्या आसपास माणसं, त्यातली निम्मी अपंग, आणि त्यासाठी मोठ्या लाकडी जहाजाची डागडुजी, विमा, कायमचे खलाशी. तेवढ्या पैशात किती तलावांवर किती छोट्या होड्या आल्या असत्या? ज्याचा हक्क दुसऱ्याच्या देणगीवर अवलंबून आहे त्याला मी खुलं म्हणणार नाही, तो पाहुणा आहे.

मेधा_साऊथॅम्प्टन
बंद पडलं हे खरं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, मुद्दाम लपवलं नव्हतं. पण बंद पडलं म्हणून आधीची जवळजवळ चाळीस वर्षं वाया गेली असं कसं म्हणायचं? अपंग माणूस जहाजावर प्रवासी नाही तर खलाशी असू शकतो हे त्यांनी करून दाखवलं. आणि सगळ्या संस्था काही बंद पडत नाहीत. एलन मॅकार्थर, जिने २००५ मध्ये एकटीने ७१ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचा कॅन्सर ट्रस्ट २००३ पासून कॅन्सरमधून उठलेल्या मुलांना आणि तरुणांना समुद्रावर नेतोय, अजून चालू आहे.

हुसेनसागर_काठी
मी नांदेडचा, सध्या हैदराबादला. मला मोठं जहाज की छोटी होडी या भांडणात छोट्या होडीच्या बाजूने बोलायचंय, पण संस्थांच्या विरोधात नाही. ऑप्टिमिस्ट नावाची मुलांची होडी माहीत असेल, अडीच मीटरपेक्षाही लहान, पुढून चपटी, पाटाला शीड लावल्यासारखी दिसते. ती १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावात क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्याने काढली, कारण तिथल्या ऑप्टिमिस्ट क्लब या सेवाभावी मंडळाला गावच्या पोरांसाठी स्वस्तातली होडी हवी होती, प्लायवुडच्या दोनच तुकड्यांत तयार होईल अशी. आज जगभरातली मुलं जिच्यावर शिकतात ती होडीच मुळात अशा एका मंडळाच्या मागणीतून आली, नावसुद्धा त्यांचंच.

इथे हुसेनसागर तलावावर यॉट क्लब ऑफ हैदराबाद आहे, तिथे सरकारी शाळांमधली, रेनबो होम्स या निराधार मुलांच्या वसतिगृहांमधली, मोलमजुरी करणाऱ्यांची मुलं याच होडीवर शिकतात आणि राष्ट्रीय स्पर्धांमध्ये नंबर काढतात. रविवारी सकाळी मी काठावर उभा राहून बघतो. वारा अचानक फिरला की शीड फडफडायला लागतं, दहा-अकरा वर्षांची पोरगी काही न बोलता अंग होडीच्या बाहेर झोकते, दोरी ओढते, होडी परत सरळ. कोच लांब बोटीत असतो, ओरडून सांगेपर्यंत तिचा निर्णय झालेला असतो. त्या वयात कुठल्या मुलीला अख्खी होडी एकटीच्या ताब्यात देतात हो आपल्याकडे?

लेझर_वेडा
मी लेझर क्लासचा, म्हणजे एकट्याने चालवायची शर्यतीची होडी, आता त्याला इल्का म्हणतात. विरोधात बोलतो. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण संस्थेचं नाहीच, सरकारचं आहे. नेहा ठाकूर, मध्य प्रदेशात देवासकडची शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या राज्य सेलिंग अकादमीत तयार झाली आणि २०२३ मध्ये हांगझोउच्या एशियन गेम्समध्ये इल्का ४ मध्ये रौप्य घेऊन आली. भोपाळला समुद्र नाही, तलाव आहे. होडी, कोच, राहणं-खाणं हे सरकारने केलं की असं होतं. ट्रस्ट आला की वार्षिक अहवाल आला, देणगीदार आला, त्याला दाखवायला पदक हवं, आणि मग पदक आणू शकेल अशाच मुलांवर पैसा जातो. बाकीची पोरं दुसऱ्या वर्षी घरी.

हुसेनसागर_काठी
पदकाची हाव सरकारी अकादमीला नसते का दादा? तिथे तर निवड चाचणीनेच आत घेतात. तुमचा दुसऱ्या वर्षाचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर, पहिला दिवस कुणीही फुकट देतं. खरी अडचण पुढे आहे, म्हणजे पोराला घरून तलावावर आणायचं कुणी, शाळेच्या परीक्षेत दोन महिने गेले तर जागा राहते का, पोहता येत नसेल तर आधी पोहायला कोण शिकवणार, आणि मापाचं लाइफजॅकेट आहे का. मोठ्या माणसाचं जॅकेट घातलं तर पाण्यात पडल्यावर ते कानापर्यंत वर येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, फार घाबरलं होतं ते पोर.

वरळीचा_नाखवा
सगळं वाचलं. आम्ही कोळी, आमच्या पोरांना पाणी कोणी खुलं करून द्यायची गरज नव्हती, ते आमच्या दारातच होतं. आजा शिडाच्या होडीने जायचा, बाप इंजिनावर गेला, मी पण. आमचा अनुभव काय तर कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये आधी ६० मीटर जागा ठेवली होती. वारा-लाट असताना त्यातून होडी काढायची म्हणजे जिवाशी खेळ. लोकांनी काम अडवलं, मोर्चे काढले, बैठका केल्या तेव्हा कुठे १२० मीटरला मान्यता मिळाली. त्या भांडणात आमच्यासोबत कुठली सेलिंग फाउंडेशन मला तरी दिसली नाही. पाणी खुलं करणं म्हणजे होडीत बसवणं एवढंच नाही ना, पाण्यापर्यंतची वाट राहिली पाहिजे. धक्का, बंदराचं तोंड, होड्या ओढायला किनारा, हे गेलं तर तुमची ऑप्टिमिस्ट कुठून पाण्यात ढकलणार?

स्पष्ट_बोलतो
नाखवा, माझं म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. वाट हा हक्काचा विषय आहे आणि तो महापालिकेकडून, सरकारकडूनच वसूल करायचा. पोहणं शाळेत, धक्क्याला उतार आणि हॉइस्ट (व्हीलचेअरवरच्या माणसाला उचलून होडीत बसवायचं यंत्र) सरकारी खर्चाने. त्यावर संस्थांनी होड्या आणाव्यात, आनंदाने.

मेधा_साऊथॅम्प्टन
नाखवादादा, तुमचं वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. मी जहाजाच्या लिफ्टचं एवढं कौतुक केलं पण जहाजापर्यंत बहीण कशी पोचली याचा विचारच केला नव्हता, तो धक्का सपाट होता म्हणून जमलं. तुमचं पटलं. पण स्पष्ट_बोलतो, सरकार आधी सगळं करेल आणि मग संस्था येतील हा क्रम मला मान्य नाही. २००० ते २०१६ सेलिंग पॅरालिम्पिकमध्ये होतं, मग काढून टाकलं, अजून परत घेतलेलं नाही. एवढ्या मोठ्या अधिकृत ठिकाणीही दार बंद होतंच की. तेव्हा या खेळात अपंग माणसं टिकली ती तलावांवरच्या छोट्या क्लबांमुळे, जे वर्गणीवर आणि स्वयंसेवकांवर चालतात. दोन्हीकडून ओढलं पाहिजे, एकाची वाट बघत दुसऱ्याने बसायचं नाही.

आणि छोट्या होडीबद्दल तुम्ही सगळे म्हणालात म्हणून बहिणीला फोन केला. ती लेस्टरला असते, समुद्र लांब, पण जवळ तलाव आहे आणि तिथे हान्सा ३०३ होड्या आहेत. तीन मीटरची होडी, आत खोल सीट, पुढे तोंड करून बसायचं, मध्ये जॉयस्टिक, खाली वजनदार पातं असल्यामुळे सहजी उलटत नाही. म्हणाली, "तिथे मला बटाटे सोलायला लावतील का?" मी म्हटलं नाही, पण शीड उभारायला आणि नंतर होडी धुवायला हात लावावा लागतो, मी विचारून घेतलंय. मग म्हणाली येते. शनिवारी सकाळी दहाची वेळ घेतलीय. धक्क्यावर हॉइस्ट आहे का, तेही आधीच फोनवर विचारलं. आहे, आणि चालतोय.