तिसरी-चौथीला पोस्टर कलर दिले की दहा मिनिटांत सगळं चिखल! काय करावं?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. चोपडा तालुका, जि.प. शाळा, तिसरी-चौथी एकत्र, पट ३६. कलेच्या तासिका आठवड्याला दोन, ३५-३५ मिनिटांच्या. १२ रंगांच्या पोस्टर कलरच्या पेट्या मिळाल्या आहेत. अडचणी अशा:

लाल-निळा मिसळून जांभळा करा म्हटलं, तर सगळ्यांचा चॉकलेटी झाला. दहा मिनिटांनी तर प्रत्येक पानावर एकच मातकट रंग. चित्रकलेच्या वहीचा कागद फुगतो, घासला की त्याचे बोळे निघतात. आणि "मनाने काढा" म्हटलं की ३६ पैकी ३० पोरं दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली झोपडी आणि नागमोडी नदी काढतात. आमच्याकडून सातपुडा समोर दिसतो, पण तो तसा कुणीच काढत नाही.

पेट्या संपल्या की पुढे रंगांना पैसे नाहीत, तेही धरून सांगा.

रंगपेटी

आधी जांभळ्याचं. दोष मुलांचा नाही, लाल रंगाचा आहे. पेटीतला भडक लाल, ज्यावर स्कार्लेट किंवा व्हर्मिलियन लिहिलेलं असतं, त्यात पिवळ्याची झाक असते. निळा मिसळला की लाल, पिवळा, निळा हे तिन्ही मूळ रंग एकत्र येतात आणि तिन्ही एकत्र आले की तपकिरीच होणार. जांभळ्यासाठी क्रिमसन घ्या, सोबत अल्ट्रामरीन निळा. प्रशियन निळा हिरव्याकडे झुकतो, त्याने जांभळा मळतो. क्रिमसन-अल्ट्रामरीनचा जांभळाही आधी काळाच वाटतो. त्यात पांढऱ्याचा एक ठिपका टाकला की रंग उघडतो. हिरव्यासाठी लेमन यलो वापरा. क्रोम यलोने शेवाळी हिरवा येतो (तो वाईट नाही, पण पहिल्या तासाला नको).

आता पेट्या कुलूपबंद करा, खरंच. १२ रंग समोर असले की मूल मिसळतच नाही, किंवा मग बाराही मिसळतं. पहिले तीन-चार तास फक्त लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि पांढरा. काळा अजिबात नाही.

मांडणी: चौघांचा एक गट, म्हणजे तुमचे नऊ गट. प्रत्येक गटाला पिवळा एक चहाचा चमचा, बाकीचे अर्धा-अर्धा. नऊ गटांना पिवळा ४५ मिली होतो, बाकीचा प्रत्येक रंग २२-२३ मिली. म्हणून छोट्या बाटल्यांपेक्षा या चारच रंगांच्या मोठ्या बाटल्या परवडतात, पिवळ्याची सगळ्यात मोठी. रंग ठेवायला बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं. पुठ्ठ्याचा अंड्याचा ट्रे वापरू नका, अर्धा रंग तोच पितो.

पाण्याचे डबे दोन: एक मळका धुण्याचा, एक खळखळण्याचा. शिवाय जुन्या सुती साडीचा पंजाएवढा तुकडा प्रत्येक मुलाला. हा तुकडाच मुख्य. ब्रश धुतला तरी केसांच्या मुळाशी पाणी राहतं, ते पुढच्या रंगात उतरतं आणि रंग पातळ आणि मळका होतो. क्रम पाठ करून घ्या: धुवा, खळखळा, टिपा, मग रंग. ब्रश उभा धरून थेंब पडला तर पुन्हा टिपायचा.

मिसळताना नेहमी फिक्यात गडद घालायचा. हिरवा करायचा तर पिवळ्याचा शेंगदाण्याएवढा गोळा आणि त्यात ब्रशच्या टोकाला लागेल तेवढाच निळा. उलटं केलं, निळ्यात पिवळा घालत बसलं, तर पिवळा संपतो पण हिरवा काही येत नाही.

३५ मिनिटांत: ५ मांडामांड, ५ तुम्ही करून दाखवणं, १७-१८ मुलांचं काम, उरलेली आवराआवर. आवरायला वेळ ठेवला नाही तर पुढच्या तासाचे गुरुजी दारात उभे!

कागद: वहीचा पातळ कागद ओल्या रंगाला नाहीच. १५० जीएसएमच्या (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) आसपासचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, घ्या. २२ × ३० इंचाच्या एका शीटचे ११ × १५ चे चार तुकडे होतात, ३६ मुलांना नऊ शीट. कागद फाटतो तो बहुधा ओल्या जागी पुन्हा पुन्हा ब्रश घासल्याने. "एकदा लावला की हात उचल, वाळू दे" हा नियम करा. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे दोन मिनिटांत वाळतं, तेव्हा हा प्रश्नच नसतो. पण त्याच दिवसांत झाकणातला रंगही सुकतो, म्हणून थोडा थोडाच काढा.

गेरू_काजळी

रंगपेटी यांचं बरोबर. पेट्या संपल्यावरचं मी सांगतो.

गेरू किराणा दुकानात मिळतो. पांढऱ्यासाठी शाडू, काळ्यासाठी दिव्याची काजळी किंवा वाटलेला कोळसा. हे तीन पक्के धरा. चौथी पिवळी माती, मिळाली तर. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हेच मुख्य रंग आहेत, फक्त निळा बाहेरून आणलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा. लाल-पिवळ्या मातीचा रंग लोहाच्या संयुगांचा असतो, म्हणून तो उन्हाने उडत नाही. हळद उन्हात काही दिवसांत फिकी पडते. पळसाच्या फुलांचं पाणी शिमग्याच्या आसपास जरूर करा, पण तोही टिकाऊ समजू नका. हळदीच्या रंगावर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवला की तो लाल होतो. पोरांना हे फार आवडतं, पण तो विज्ञानाचा तास झाला.

बांधणी (रंग कागदाला धरून राहावा म्हणून): बाभळीचा डिंक १ वाटी, पाणी २ वाट्या, रात्रभर भिजत. सकाळी फडक्याने गाळा, नाहीतर साल-कचरा ब्रशमध्ये अडकतो. माती खलून वस्त्रगाळ करा. २ चमचे मातीला १ चमचा डिंकपाणी, मग लागेल तसं साधं पाणी. कागदावर एक पट्टा ओढून वाळवा आणि बोट फिरवा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी. पट्टा चकाकला किंवा त्याला तडे गेले तर डिंक जास्त. काजळी पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगते. तिला आधी नुसत्या डिंकपाण्यात बोटाने मळून घ्या, पाणी नंतर.

डिंकपाणी दोन-तीन दिवसांत आंबतं. एक-दोन थेंब लवंगेचं तेल टाकलं तर थोडं जास्त टिकतं. लागेल तेवढंच करणं बरं.

शेंदूर, होळीचा रंग, रांगोळीचा रंग यांतलं काहीही मुलांच्या हातात नको. शेंदरात शिसं असू शकतं आणि लहान मुलांचा हात तोंडात जातोच. चुनाही नको, डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. माती मुलांना कोरडी देऊ नका, तुम्हीच भिजवून द्या. वर्गात धूळ उडायला नको.

शहादा_गुरुजी

दोन डोंगरांचं बोलू, कारण रंग सुधारले तरी ते राहणारच.

ते चित्र फळ्यावरून आलेलं असतं. कुणीतरी कधीतरी काढून दाखवलं, त्याला शाबासकी मिळाली. त्यामुळे फळ्यावर चित्र काढून "असं काढा" हे आधी बंद. ब्रश कसा धरायचा, रंग कसा मिसळायचा हे जरूर दाखवा, पण चित्राचा नमुना नको. मुलाच्या कागदावर स्वतः रेष तर कधीच मारू नका. सुधारायचंच असेल तर वेगळ्या चिठोऱ्यावर दाखवा.

"मनाने काढा" ही सूचना ऐकायला मोकळी वाटते, पण आठ वर्षांच्या मुलाला त्यात धरायला काही नसतं. वस्तू हातात द्या. कपाशीचं फुटलेलं बोंड घ्या: आत कप्पे किती? तीन, चार की पाच? देठाजवळची पानं टोकदार की गोल? आधी दोन मिनिटं डोळे मिटून नुसतं चाचपायचं. मग मोठ्या कागदावर, बोंड तळहाताएवढं होईल असं काढायचं. केळफूल, कणीस, सायकलची घंटी, काहीही चालतं. सातपुड्यासाठी मुलांना बाहेर न्या आणि एकच प्रश्न विचारा: वरची कड कुठे चढते, कुठे उतरते? हवेत बोटाने ती कड गिरवून घ्या, मग कागदावर एकाच रेषेत. मागचे डोंगर फिके का दिसतात ते पुढच्या तासाला, तोही पांढरा मिसळायचाच धडा आहे.

पेन्सिल-खोडरबर काढून घ्या. खोडरबर असला की अर्धा तास खोडण्यात जातो आणि कागदाचा पोत जातो, मग तिथे रंग डागासारखा बसतो. कोळसा द्या.

आणि हे चुका म्हणून मोजू नका: खाली एक जमिनीची रेघ आणि त्यावर सगळं उभं, घराच्या भिंतीतून दिसणारी आतली चूल, बापापेक्षा मोठा बैल. साधारण सात ते नऊ वयात मुलं अशीच काढतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी ही अवस्था नोंदवून ठेवली आहे. नऊच्या पुढे मुलालाच "हे खऱ्यासारखं नाही" असं वाटू लागतं. एकमेकांवर येणाऱ्या वस्तू, पुढचं-मागचं हे तेव्हा शिकवा. तिसरीला यथार्थदर्शन (जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवणं) शिकवणं म्हणजे वेळ घालवणं.

रंगपेटी

गुरुजी, एक मतभेद. नमुना अजिबात नको हे पूर्ण पटत नाही. मुलांना चित्रं दाखवली नाहीत तर त्यांच्याकडे फळ्यावरचं ते एकच उरतं. एकाच गोष्टीची तीन-चार वेगवेगळी चित्रं दाखवायची, दोन मिनिटं बोलायचं आणि उलटी करून ठेवायची. बैलच घ्या: अजिंठ्यातला, वारली चित्रातला, पिठोऱ्यातला (राठवा-भिल्लांची भिंतीवरची चित्रं), कॅलेंडरवरचा. एकच नमुना असला तर नक्कल होते, चार असले की निवड करावी लागते.

शहादा_गुरुजी

उलटी करून ठेवणार असाल तर हरकत नाही. भिंतीवर टांगलेली राहिली तर चाराचं पुन्हा एकच होतं.

तापीकाठ

खूप उपयोगाचं. दोन गोष्टी विचारतो. कोळसा कसा करायचा? आणि पोळ्याला मातीचे बैल करून घ्यायचे आहेत, पण आमच्या काळ्या मातीचे बैल वाळताना तडकतात, पाय गळतात.

मातीकाम

कोळसा: पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडाच्या) पेन्सिलीएवढ्या जाड, सरळ, वाळलेल्या काड्या घ्या. साल काढा, बोटभर तुकडे करा. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरा, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा, डबा चुलीत ठेवा. भोकातून आधी पांढरा धूर येतो, मग पेटणारा वायू. तो थांबला की डबा बाहेर काढा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. गरम उघडला की आत हवा जाते, काड्या पेटतात आणि राख उरते. काडी कागदावर खरखरली, तपकिरी उमटली, तर कच्ची आहे. अर्थात हे काम मोठ्यांचं, शाळा सुटल्यावर.

बैलाचं: काळी माती पाण्याने फार फुगते आणि वाळताना तितकीच आकसते, म्हणून तडकते. कुंभाराची माती मिळाली तर उत्तम. नसेल तर तळ्यातला गाळ पाण्यात कालवून गाळून घ्या, ३ भाग गाळाला १ भाग बारीक वाळू, वर पिंजून मोकळा केलेला मूठभर कापूस. कापसाचे तंतू माती धरून ठेवतात. पण गोळाच्या गोळा टाकला तर तिथेच भेग पडते. माती मळून एक रात्र ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मुलामागे ३०० ग्रॅम, म्हणजे ३६ जणांना सुमारे ११ किलो.

पाय गळण्याची दोन कारणं. एक, जोड नुसता दाबलेला असतो. दोन्ही बाजूंना काडीने चरे पाडा, पाण्यात कालवलेली पातळ माती लावा, मग दाबून सांधा बोटाने पुसून घ्या. दुसरं, बळकटीसाठी आत काडी खुपसतात. माती आकसते, काडी आकसत नाही, मग पाय उभाच चिरतो. काडी नकोच. पाय अंगठ्याएवढे जाड आणि आखूड. त्याहून सोपं म्हणजे एकाच लांब गोळ्यातून चारही पाय ओढून काढणं, सांधाच नाही. शिंगं काडीची हवी असतील तर ओलं असताना काडीपेक्षा मोठं भोक पाडून ठेवा, वाळल्यावर काडी डिंकाने बसवा.

पहिले दोन दिवस सावलीत, अर्धवट झाकून. मग उघडं, पण ऊन आणि वारा सरळ लागू नये. पोळा श्रावण अमावास्येला, हवा दमट. आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा. भाजायला टाकू नका, आत ओल राहिलेली जाड माती फुटते. वाळल्यावर वर सांगितलेला गेरू-डिंक लावा, झालं. हीच माती पुढे गुलाबाईच्या (खानदेशातली भुलाबाई) मूर्तीला कामी येते, भादवी पौर्णिमेपर्यंत गोणपाट ओलं ठेवलं तर.

केळीबाग

ब्रश कमी असतील तर ठसे. केळीच्या पानाचा जाड देठ आडवा कापला की अर्धचंद्रात हवेचे खण दिसतात, ठसा जाळीदार उमटतो. भेंडीचा पाच कोनी येतो. कापायचं तुम्ही. कापलेली बाजू रद्दीवर पालथी घालून १५-२० मिनिटं चीक निथळू द्या. ओल्या देठाने जाळी भरून जाते, नुसता डाग पडतो. ताटलीत ओला स्पंज, त्यावर दह्याएवढा घट्ट रंग. ठसा एकदा रंगात, दोनदा कागदावर.

केळीच्या चिकाचा डाग गणवेशावरून जात नाही. जुने शर्ट उलटे घालायला सांगा, नाहीतर आया दुसऱ्या दिवशी शाळेत येतील.

तापीकाठ

आभार सगळ्यांचे. शेवटचं, तासानंतर ब्रश लगेच खराब होतात, केस वाकतात. आणि तेलखडूंचे डबे पत्र्याच्या खोलीत आहेत.

रंगपेटी

ब्रश पाण्याच्या डब्यात उभे सोडतात म्हणून वाकतात. धुवून, टोक बोटाने सरळ करून, आडवे वाळवा. वाळल्यावर केस वर करून डब्यात उभे. तेलखडू मार्चच्या आत पत्र्याच्या खोलीतून काढून माठाजवळच्या गार कोपऱ्यात, खालच्या फळीवर ठेवा. मऊ होऊन एकमेकांचे रंग लागलेच असतील, तर तांदळाच्या कणीत घालून डबा हलवा, वरचा मळ निघतो. ती कणी नंतर खिचडीत जाऊ देऊ नका.