मदत हवी आहे: द्रासच्या थंडीत फीडरचे ब्रॅकेट तुटतायत. प्लेट बदलू की वेल्डिंगचा रॉड?

चाकणला आमचं छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. स्टोन क्रशरच्या व्हायब्रेटिंग फीडरच्या स्प्रिंगा ज्यावर बसतात ते ब्रॅकेट बनवतो. वाघोलीच्या खाणींवर हेच डिझाइन वर्षानुवर्षं विनातक्रार चालतंय. एक सेट द्रासजवळ बोगद्याच्या कामावर गेला. डिसेंबरपर्यंत सगळं ठीक, जानेवारीत दोन ब्रॅकेट गेले. दोन्ही सकाळी, पहिला डंपर ओतला तेव्हाच. रात्री पारा उणे २५ च्या आसपास होता.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, माल हलका वापरला. एक तुटका ब्रॅकेट मागवून घेतला. प्लेट कुठेच वाकलेली नाही, दोन तुकडे एकमेकांना लावले तर चपखल बसतात. तुटलेला भाग साखरेसारखा दाणेदार आणि चकचकीत. त्यावर बाणासारख्या रेघा आहेत आणि सगळ्यांची टोकं गसेटचा (कोपऱ्यातल्या आधाराच्या तिकोनी पट्टीचा) वेल्ड जिथे संपतो त्या कोपऱ्याकडे.

प्लेट १६ मिमी, आयएस २०६२ ई२५० ए (साधं स्ट्रक्चरल स्टील, 'ए' क्वालिटी). रॉड ६०१३. टेस्ट सर्टिफिकेट आहे, टेन्साइल (ताणाची ताकद) उत्तम. मग हलका माल कसा?

शिवाय एक्सायटरचं (फीडरला कंप देणाऱ्या भागाचं) ऑइल सील सकाळी गळतं, तासाभरात आपोआप थांबतं. (डिझेलचं विचारत नाही. २०१९ पासून तिकडे उणे ३३ पर्यंत वाहणारं विंटर ग्रेड मिळतं.)

प्रतिसाद १

माल हलका नाही, त्या जागेसाठी चुकीचा आहे. साधं स्टील थंडीत मऊपणा सोडून ठिसूळ होतं, ताणाची ताकद उलट थोडी वाढते. म्हणून टेन्साइल बघून काही कळत नाही, चार्पी इम्पॅक्ट (खाच पाडलेला तुकडा हातोड्याच्या एका फटक्यात मोडायला किती ऊर्जा लागते) बघावा लागतो. 'ए' क्वालिटीला ती टेस्ट लागतच नाही. 'बी०' ची शून्य अंशाला होते, 'सी' ची उणे २० ला. तुम्ही 'सी' घ्या आणि ऑर्डरमध्येच उणे ३० ची जादा टेस्ट मागा. स्टेनलेस ३०४ ला हा त्रास नाही, पण १६ मिमीचा भाव ऐकून कॉन्ट्रॅक्टर फोन ठेवेल.

बाण जिकडे टोक करतात तिथून, म्हणजे वेल्डच्या टोकापासून, तडा सुटला. म्हणजे नुसती प्लेट बदलून भागणार नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. ६०१३ रॉडला इम्पॅक्टची अटच नसते. ७०१८ घ्या, त्याला उणे २९ ला २७ जूल द्यावेच लागतात. मात्र रॉड ओव्हनमध्ये भाजून वापरा, पुण्याच्या पावसाळ्यात तर नक्कीच. वेल्ड कोपऱ्यात संपवू नका, गसेटला वळसा घालून कड ग्राइंड करा.

असं मोडायला फार कडाक्याची थंडीही लागत नाही. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला धक्क्यावर उभं असलेलं शेनेक्टडी हे टँकर जहाज मधोमध मोडलं, तेव्हा हवा जेमतेम शून्याखाली होती. सुरुवात वेल्डमधल्या दोषापासूनच.

रात्रभर हॉपरमध्ये दगड ठेवतात का तेही विचारा. खडीतलं पाणी गोठून गठ्ठा होतो आणि सकाळी तो अख्खा आदळतो. सीलचं म्हणाल तर नायट्राइल रबर आखडतं, सीलचा ओठ (आतली कड) शाफ्टवर टेकत नाही. गरम झालं की टेकतो. लो-टेंपरेचर नायट्राइल मागा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. हॉपर रात्री भरलेलाच ठेवतात, आत्ताच फोनवर विचारलं. नवे ब्रॅकेट 'सी' प्लेट आणि ७०१८ मध्ये करतो. पण ते पोचेपर्यंत उरलेल्या दोन ब्रॅकेटवर तिथेच काही करता येईल का? एकाला कोपऱ्यात बारीक तडा दिसतोय म्हणे.

प्रतिसाद १

तडा असलेला चालवू नका, मशीन थांबवा. तड्याच्या टोकाला भोक पाडून, तडा पूर्ण खरवडून मगच भरा. प्लेट शून्याखाली असेल तर आधी किमान २० अंशांपर्यंत तापवायची आणि वेल्डजवळची हवा उणे १८ च्या खाली असेल तर रॉड हातात घ्यायचा नाही, असं अमेरिकन वेल्डिंग कोड सांगतं. ताडपत्रीचा आडोसा करून आत हीटर लावा. साइटवर ७०१८ आणि रॉडचा ओव्हन आहे का, ते आधी कळवा.